प्रयोगशाळेचं कपाट : बाटल्या ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या



शाळेला नवीन कपाट आलं की आपण काय पाहतो? रंग चांगला आहे, कुलूप लागतं, बिल बरोबर आहे. झालं, सही केली! मीसुद्धा बरीच वर्षं असंच केलं. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर टोकावड्याच्या आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर कपाटातली मधली फळी एका बाजूने खाली आलेली. फळीला आधार देणाऱ्या खुंट्या निसटल्या होत्या आणि आम्लाची एक बाटली फुटून लादीवर पांढरा डाग पडला होता. वर्ग भरलेला नव्हता म्हणून निभावलं. पण मनात आलं, हे तासाला घडलं असतं तर? इथून डोळ्यांचे तज्ज्ञ गाठायचे तर कल्याण-उल्हासनगरच. म्हणून आता बाटल्या ठेवण्याआधी कपाटाची परीक्षा घेतो. ती कशी घ्यायची, ते आज पाहू.

मोठ्या चाचणीशाळेत काय करतात?

प्रयोगशाळेच्या फर्निचरसाठी जगात ठरावीक चाचण्या आहेत. अमेरिकेतल्या 'सेफा' या संस्थेची मानकं बरीच वापरली जातात. त्यात कपाटाचं दार एक लाख वेळा उघड-बंद करतात, फळीवर ठरलेलं वजन ठेवतात आणि पृष्ठभागावर ४९ प्रकारची रसायनं टाकून डाग पडतो का ते बघतात.

एक लाख म्हणजे किती? मुलांना हे गणित घाला. दिवसाला २० वेळा दार उघडलं आणि शाळेचे दिवस २२० धरले, तर वर्षाला ४,४०० वेळा. म्हणजे एक लाख वेळा व्हायला साधारण २२-२३ वर्षं लागतील. टिकाऊपणा म्हणजे काय, ते या एका आकड्यातून मुलांना कळतं.

आपल्याकडे अशी यंत्रं नाहीत. पण ताणकाटा, दोरी, फूटपट्टी, वाळूच्या पिशव्या आणि खिचडीचा तांदूळ मोजायचा काटा तर आहे ना? तेवढं पुरेसं आहे.

चाचणी १ : कपाट पुढे कलंडतं का?

सगळ्यात मोठा धोका हाच. सातवी-आठवीच्या मुलांना तरफ माहीत असते, तीच इथे वापरू. समजा, रिकामं कपाट ६० किलोचं आणि ४५ सेमी खोल आहे. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून साधारण २२.५ सेमी आत. म्हणजे कपाटाला मागे धरून ठेवणारा गुणाकार ६० × २२.५ = १,३५०.

आता ४० सेमी रुंदीचं दार पूर्ण उघडलं आणि २७ किलोचं एक मूल त्याच्या टोकाला लोंबकळलं, तर पुढे ओढणारा गुणाकार २७ × ४० = १,०८०. कपाट कसंबसं उभं राहतं. दुसऱ्या दारालाही एक मूल लटकलं की २,१६०. कपाट मुलांच्या अंगावर! यात उघडलेल्या दारांचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. ते धरलं तर धोका आणखी वाढतो.

प्रत्यक्ष चाचणी अशी घ्या : कपाट रिकामं ठेवा, दोन मोठी माणसं बाजूला उभी करा आणि उघडलेल्या दाराच्या टोकाला वाळूची पिशवी हळूहळू भरत जा. मागचे पाय उचलायला लागले की थांबा. मुलांनी लांबून बघायचं, हात लावायचा नाही.

उपाय स्वस्त आहे. वरच्या बाजूला दोन लोखंडी एल-पट्ट्या घेऊन कपाट पक्क्या विटांच्या भिंतीला बोल्टने आवळा. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला खिळा म्हणजे आधार नव्हे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के जाणवू लागले, ते आठवा. जमीन हलली तर सुटं कपाट आधी पडतं.

चाचणी २ : फळी वाकते का?

संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ९२० ग्रॅम आम्ल, वर काचेचं वजन वेगळं. बाटली दिसते लहान, पण भारी असते.

सेफाच्या मोजमापाने ९० × ४० सेमीच्या फळीने साधारण ७० किलो पेलायला हवेत. काट्यावर मोजलेल्या वाळूच्या पिशव्या फळीवर सारख्या पसरा. फळीच्या दोन टोकांना दोरी ताणा आणि मध्यभागी किती झोळ पडला ते पट्टीने मोजा. ९० सेमीच्या फळीला ५ मिमीपर्यंत चालेल. एक रात्र तसंच ठेवा. सकाळी वजन काढल्यावर फळी परत सरळ झाली पाहिजे. खुंट्यांची भोकं मोठी झालीत का, तेही बघा.

चाचणी ३ : पाणी आणि रसायन

माळशेजच्या पायथ्याचा आपला पाऊस! चार महिने हवेत ओल. लोखंड गंजतं, भुशाचा बोर्ड फुगतो, लाकडाला वाळवी लागते. कपाट बनवणाऱ्याकडून बोर्डाचा एक तुकडा मागून घ्या. जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा, परत मोजा. फुगला किंवा पापुद्रे सुटले तर तो बोर्ड नको. मरीन प्लायवूडचं भारतीय मानक आयएस ७१० आहे. त्यात तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात, यावरून अंदाज येईल.

दुसऱ्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, कॉस्टिक सोडा, आयोडीन आणि स्पिरिट यांचा एकेक थेंब टाका, वर काचेची झाकणी ठेवा आणि तासाभराने धुवा. हे शिक्षकांनीच करायचं, चष्मा आणि हातमोजे घालून.

आपल्याकडे कुठलंही लोखंडी कपाट म्हणजे 'गोदरेजचं कपाट'. साड्या आणि कागदपत्रांसाठी ते छानच! पण हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बंद कपाटात साठली की आतून गंज धरतो आणि बिजागऱ्या खिळखिळ्या होतात.

मग बाटल्या कशा ठेवायच्या?

- जड बाटल्या आणि सगळी आम्लं खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये.
- डोळ्यांच्या उंचीच्या वर कोणतंही द्रव रसायन नको.
- नायट्रिक आम्ल लाकूड, भुसा आणि स्पिरिटपासून दूर.
- हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया शेजारी नकोत. दोघांच्या वाफा मिळून पांढरा धूर होतो.
- फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंच पट्टी ठोका, म्हणजे बाटली घसरणार नाही.

पालकांसाठी दोन शब्द

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कपाटाची खरेदी निघाली, तर किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा : भिंतीला बांधणार का? फळी किती वजन पेलते? चाचणीचा अहवाल आहे का? गावातल्या सुताराकडून करून घेत असाल तरी हरकत नाही. त्याचंही काम याच तीन चाचण्यांवर तपासा.

चाचणीत जेवढं वजन फळीने पेललं, त्याच्या निम्मंच रोज ठेवायचं. तो आकडा आणि तारीख कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पाऊस जोर धरायच्या आत पुन्हा तपासा. अर्धा दिवस जातो, पण मुलांना तरफ, घनता आणि सरासरी एकाच कपाटात शिकायला मिळतात आणि आपल्याला वर्षभर निर्धास्त झोप लागते.