थडग्यावरील अक्षरें

दगडावर कोरलेलें अक्षर चिरकाल टिकतें, असा सर्वसाधारण समज आहे. भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गायकी यांनीं तो एडिंबरो शहरांतील दफनभूमींत तपासून पाहिला. थडग्यावर मृत्यूचें साल असतेंच. तेव्हां दगड किती वर्षें ऊनपाऊस सोसतो आहे, याचा हिशेब निराळा मांडावा लागत नाहीं. १८८० सालच्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, त्या धुरकट व पावसाळी शहरांत उघड्यावरील संगमरवराचें आयुष्य शंभर वर्षेंही भरत नाहीं. त्यांनीं पाहिलेल्या थडग्यांत जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाचेंही होतें. चुनखडींत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वायु ओळखला तो ब्लॅकनें. १७९९ सालीं तो वारला, आणि त्याच वायूनें आंबट झालेलें पावसाचें पाणी त्याच्या नांवाच्या लादीवर ऐंशी वर्षें पडत होतें!

संगमरवर काय किंवा चुनखडीचा दगड काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच. कोळशाच्या धुरांतील गंधकापासून हवेंत आम्ल तयार होतें, व तें दगडाच्या पृष्ठभागाचें जिप्सम करून टाकतें. जिप्सम मूळ दगडापेक्षां पाण्यांत पुष्कळच अधिक विरघळतें. पाऊस थेट लागतो तेथें तें धुपून जातें आणि दगड शुभ्र दिसतो. पण हात फिरविला तर साखरेसारखे कण हाताला लागतात. आडोशाला तेंच जिप्सम काजळी धरून काळें कवच बनतें, आणि कवचाखालीं दगड भुसभुशीत होतो. पांढरा तेवढा निरोगी, ही परीक्षा फसवी आहे.

इंग्लंडमध्यें कित्येक लाद्यांवर कोरलेल्या अक्षरांत शिसें ठोकून तें लादीशीं सपाट करीत. शिसें फारसें झिजत नाहीं, संगमरवर झिजतो. म्हणून जुन्या लादीवर अक्षरें वर उचललेलीं दिसतात. ती उंची मोजून वर्षांनीं भागली कीं त्या गांवच्या हवेचा दाखला मिळतो. लंडनमध्यें १९५२ च्या डिसेंबरांत विषारी धुक्यानें हजारों माणसें दगावलीं, तेव्हां कोठें १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानें दगडांचाही जाच कमी झाला. परंतु जुनें कवच आपोआप जात नाहीं.

येथें आप्तांची भक्तीच आड येते. तारेचा ब्रश, आम्ल, ब्लीच हीं घेऊन ते येतात, आणि पन्नास पावसाळ्यांना न साधलेलें काम एका दुपारीं उरकतात. आम्ल दगडच खातें. ब्लीचचे क्षार छिद्रांत राहतात व स्फटिकरूप होतांना पापुद्रे उडवितात. तारेचे कण अडकून गंजाचे डाग पडतात.

जाणता कारागीर प्रथम बोटानें हलकेंच ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला किंवा कण गळूं लागले, तर तो ब्रश लावीतच नाहीं. दगड धड असेल तर साधें पाणी, मऊ ब्रश आणि सवड एवढें पुरे. दगड आधीं पुरता भिजवावा आणि खालून आरंभ करून वर जावें. वरून आरंभ केल्यास मळकें पाणी खालच्या कोरड्या भागांत मुरून ओघळ उमटतात. शेवाळ एवढ्यानें निघतें. काळ्या कवचावर तासन् तास पाण्याचे बारीक तुषार सोडतात. विरघळणें हा जिप्समचा दोष येथें गुण ठरतो. संगमरवराला मातीचा लेपही मानवतो. आग्र्याचा ताजमहाल हेंही एक थडगेंच. तेथें पुरातत्त्व खात्यानें १९९४ पासून वेळोवेळीं मुलतानी मातीचा लेप दिला आहे.

फुटका दगड सिमेंटनें सांधूं नये. सिमेंट दगडाहून कठीण, शिवाय ओल बाहेर पडूं देत नाहीं; मग सांधा शाबूत राहतो व शेजारचा दगड फुटतो. मऊ चुनाच तेथें योग्य.

झिजलेलीं अक्षरें नव्यानें कोरावीं काय, हा प्रश्न अवघड आहे, कारण छिन्नी जुन्याचा उरलासुरला अंशही घेऊन जाते. लेख आधीं उतरून घेणें बरें. साध्या आरशानें उन्हाची तिरीप लादीवर अगदीं आडवी पाडली, कीं पुसट खांचांत सावली भरते, आणि समोरून कोऱ्या दिसणाऱ्या दगडावर नांव, साल, कधीं एखाद्या मुलाचें वय वाचतां येतें.