वाजिब-उल-अर्ज : तलाव, कायदा आणि न्याय

साकोली तालुक्यातील सानगडीच्या किल्ल्याच्या टेकडीलगत पसरलेल्या तलावाकडे ज्याने धानाच्या हंगामात पाहिले असेल, त्याला या प्रदेशात कायद्याचा पहिला प्रश्न कोणता असावा हे सांगावे लागत नाही. रोवणा आटोपल्यावर पावसाने दडी मारली आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या, की तलावाचे तुडूम कोणी उघडावे, पाणी आधी कोणाच्या बांधीत जावे आणि पाळीच्या खाली अगदी शेवटी ज्याचे शेत आहे त्याच्या वाट्यास काय यावे, हेच प्रश्न माणसांच्या जिवाशी येऊन भिडतात. कायदा आणि न्याय यांच्या संबंधाची चर्चा आपण बहुधा स्मृतिग्रंथांपासून किंवा रोमन विधिवेत्त्यांपासून आरंभितो; मला मात्र ती या तुडुमापाशी आरंभावीशी वाटते.

पूर्व विदर्भातील हे सहस्रावधी तलाव मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कर्तृत्वाने उभे राहिले; नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशयही परंपरा कोलू पाटील कोहळी यांच्याच नावे सांगते. परंतु तलाव म्हणजे केवळ मातीची पाळ आणि सलंग नव्हे. पाळीची डागडुजी कोणी करावी, पाणी वाटणाऱ्या पाणकराला धान्य किती द्यावे, ढीमरांनी मासे केव्हा धरावे, पाणी ओसरल्यावर गाळपेऱ्याची जमीन कोणी कसावी, या सर्वांची वहिवाट त्या पाण्याभोवती घडत गेली. ती कोठे लिहिलेली नव्हती, आणि तरीही तिचा भंग करणाऱ्यास गावात उजळ माथ्याने वावरणे अवघड होई.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि औरस पुत्र नसल्याचे निमित्त होऊन नागपूरचे राज्य खालसा झाले. एका संबंध राज्याचा वारसाहक्क ज्या ब्रिटिश सत्तेने असा सहज अमान्य केला, त्याच सत्तेने पुढल्या बंदोबस्तात गावोगावच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी बहाल केली, आणि वहिवाटीची नोंद करण्यासाठी वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद सिद्ध केला. ‘निवेदन करण्यास योग्य ते’ असा त्या नावाचा अर्थ. रयतेने आपली रूढी सांगावी आणि सरकारने ती ऐकून लिहून घ्यावी, ही त्यामागची कल्पना मला आजही मोलाची वाटते. कारण येथे कायदा आज्ञा करण्यापूर्वी कान देतो. सांगणाऱ्यांत मालगुजाराचाच आवाज मोठा असणार, हे मात्र विसरता कामा नये.

त्या मालगुजारीचे वास्तव कटू होते. सारावसुलीतील हिस्सा, खासगी सीर जमीन, रान, तलाव आणि गावठाण इतके सर्व एका घरी एकवटले, म्हणजे बेगार मागण्यास निराळ्या हुकमाची आवश्यकता उरत नाही. म्हणून, विदर्भ तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशाच्या विधिमंडळाने 1950 चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि 31 मार्च 1951 रोजी ते हक्क सरकारात विलीन झाले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने निःसंशय न्यायाची होती. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 1952 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला.

पण त्या एका तारखेने तलावांची, थोडे अपवाद सोडता, मालकी जशी पालटली, तशी कर्तव्याची परंपरा पालटू शकली नाही. दुरुस्ती आता सरकारचे काम झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. दर उन्हाळ्यात पाळीवर माती घालणारे हात थांबले, गाळ साचत गेला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने केवळ विदर्भासाठी निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराची, म्हणजे निस्ताराची, नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांचे स्वतंत्र प्रकरण ठेवले खरे. परंतु त्यातील 165 वे कलम सावकाश वाचले तर मन खिन्न होते. सिंचनाची आणि मासेमारीची रूढी नोंदवायची, पण ती सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या किंवा ताब्यातील नसलेल्या जमिनी-पाण्यापुरतीच! म्हणजे जो तलाव सरकारजमा झाला, त्याच्यावरील गावाची रूढी या कागदाच्या कक्षेतूनच निसटली. येथे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. मालक कोण एवढाच प्रश्न विचारण्याची सवय जडलेल्या कायद्याला, सांभाळणारा कोण, हा प्रश्न सुचला नाही.

एवढ्यावरून रूढी तेवढी न्याय्य आणि कायदा तेवढा परका असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला महाडची आठवण करून दिली पाहिजे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांना अडवू पाहणाऱ्यांनी न्यायालयात, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याच्या रूढीचाच आधार घेतला होता. दहा वर्षे दावा चालला. 1937 च्या मार्चात मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की ही रूढी अनादिकालीन असल्याचे सिद्ध होत नाही. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचे. 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा फर्मावणारे न्यायाधीशही तेच. तळे तेच आणि रूढीही तीच, परंतु पाळीच्या बाहेर उभ्या केलेल्या माणसाने तिच्याविषयी प्रश्न विचारताच तिचे रूप पालटले. सानगडीच्या तलावाचा इतिहास लिहिणाऱ्यानेही तोच प्रश्न विचारला पाहिजे : पाणकराच्या वाट्याला धान्य येत होते, पण गावकुसाबाहेरच्या घागरीला घाट मिळत होता काय?

2006 च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा आमचा जुना शब्द संसदेच्या अधिनियमात नेऊन बसविला आणि जलाशयांतील मासळीवरील सामूहिक हक्कही मान्य केला. वनजमिनीबाहेरच्या तलावांना त्याचा उपयोग नाही. आणि ढीमरांसारख्या, अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या दावेदारांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, अधिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याही खसऱ्यात कधी चढलेच नाही, त्यांनी कोणता दस्तऐवज हजर करावा? मात्र या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे, लिहून घेतलेले कथनही पुराव्यात धरले आहे. ग्रामसभेत एखादा म्हातारा पाळीवरचे मोहाचे झाड दाखवून, येथवर पाणी येई आणि येथे आमचे जाळे पडे, असे सांगू लागतो, आणि समोर बसलेला कोणी शिकलेला तरुण ते कागदावर उतरवून घेतो.