समुद्रसफर आणि चौविहार

समुद्रसफर ठरवताना बहुतेक कुटुंबे भाड्याची तुलना करतात. जैन कुटुंबाने प्रथम भोजनाची व्यवस्था पाहावी. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियावर आणि सिंगापूरहून निघणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर जैन भोजन मिळते. नॉर्वेजियनच्या जहाजांवर भोजनाला ठरावीक वेळेचे बंधन नसल्याने चौविहार पाळणे सुकर होते; मात्र कंदमूळविरहित स्वयंपाकाची लेखी खात्री आरक्षणापूर्वीच करून घ्यावी. डिस्नेच्या जहाजांवर भोजनगृह आलटून पालटून बदलते, वाढपी तेच राहतात. त्यामुळे पथ्य पुन्हापुन्हा समजवावे लागत नाही. करमणुकीत रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवरील बर्फावरचे स्केटिंगचे प्रयोग प्रेक्षणीय असतात. जुगारगृह मात्र बहुतेक जहाजांवर असते, डिस्नेच्या जहाजांवर नसते. मुलांना सोबत नेताना हा फरक भाड्यातील फरकाहून मोलाचा ठरतो.