रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे

आजचा विषय आहे डेटाबेसचा बॅकअप, पण सुरुवात करू दोनशे वर्षांपूर्वीच्या एका आगीपासून.

कोलकात्यात 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झालं. तिथे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना विल्यम केरी मराठी शिकवत; वैजनाथ पंडित त्यांच्या मदतीला होते. केरींचं मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी कोश 1810 मध्ये निघाला. दोन्ही छापले गेले हुगळीकाठच्या श्रीरामपूरला. (आपल्या नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं!) 11 मार्च 1812 च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. शिशाचे खिळे वितळले, कागद जळाला. पण ज्यांच्यावरून खिळे ओततात ते पोलादी ठसे आणि साचे ढिगाऱ्यातून शाबूत निघाले. काही आठवड्यांतच नवे खिळे ओतले जाऊ लागले. 1814 मध्ये वैजनाथांची मराठी ‘सिंहासनबत्तिशी’ तिथूनच छापून आली. मात्र केरींच्या बहुभाषी कोशाचं हस्तलिखित जळालं, आणि तो कोश कधीच निघाला नाही.

आता आपल्या सर्व्हरकडे या. मुख्य डेटाबेसमध्ये झालेला प्रत्येक बदल रेप्लिकेशन दुसऱ्या मशीनवर लगेच पोचवतं. मुख्य मशीन बंद पडलं तर रेप्लिका काम पुढे चालवते. हा तिचा मोठा फायदा. पण समजा, पतसंस्थेच्या डेटाबेसवर कोणी ‘डिलीट’ चालवलं आणि ‘व्हेअर’ लिहायचं विसरलं. सगळ्या खातेदारांच्या नोंदी पुसल्या गेल्या, आणि क्षणभरात रेप्लिकावरूनही! रेप्लिका चूक आणि बरोबर यात फरक करत नाही, जे येईल ते उतरवून घेते.

म्हणून बॅकअप वेगळा लागतो. रोज रात्री पूर्ण प्रत काढा आणि त्यानंतरच्या बदलांचे लॉग सतत साठवत राहा. पोस्टग्रेसमध्ये त्यांना वॉल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग. हे दोन्ही हाताशी असले, की चूक 11 वाजून 5 मिनिटांनी झाली असेल तर डेटाबेस 11 वाजून 4 मिनिटांच्या स्थितीत परत आणता येतो. मुख्य मशीनवर ताण नको म्हणून बॅकअप रेप्लिकावरून घेतला तरी चालतं. फक्त रेप्लिका मागे पडलेली नाही ना, ते आधी बघा. एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवा, आणि तिचा पासवर्ड मुख्य सर्व्हरपेक्षा वेगळा असू द्या. श्रीरामपूरचे ठसे त्याच इमारतीत होते. ते आगीतून निभावले, पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही.

एवढ्याने भागत नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीत रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका इंजिनिअरने रेप्लिका समजून मुख्य डेटाबेसचीच फोल्डर पुसली. मग बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी! बॅकअपचं साधन जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होतं. अपयशाच्या मेलही कोणापर्यंत पोचत नव्हत्या. दुसऱ्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, तेवढाच उपयोगी पडला. मधल्या सहा तासांचा डेटा गेला.

तेव्हा आजच दोन प्रश्न विचारा. किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल? हा झाला आरपीओ. आणि किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं? हा आरटीओ. (गाडीच्या पासिंगशी याचा संबंध नाही!) उत्तरं मालकाकडून लेखी घ्या, कारण खर्च त्यावर ठरतो. मग दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर बॅकअप प्रत्यक्ष उतरवा, घड्याळ लावा, नोंदी मोजा, दोन-चार खात्यांची शिल्लक जुळते का ते पाहा. कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायची, कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून ठेवा. आणि रेप्लिकाला मुख्य केल्यावर जुनं मशीन चुकून पुन्हा सुरू होऊ देऊ नका. नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगळे हिशोब लिहिले जातील.

ज्या बॅकअपमधून तुम्ही कधी डेटा परत आणून पाहिला नाही, तो आहे असं समजू नका. या आठवड्यात एकदा उतरवून पाहा आणि किती वेळ लागला ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.