स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर घेताय? आधी मागची बाजू बघा!

जुन्या नाटक-सिनेमांच्या डिस्क जपून ठेवल्या असतील तर प्लेअर जरूर घ्या. फक्त मागे एचडीएमआय आहे ना, ते बघा. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर बऱ्याच नव्या टीव्हींना तो थेट जोडता येत नाही. ‘फुल एचडी’च्या स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका, आपल्याकडच्या डीव्हीडीवर मुळात 720×576 इतकंच चित्र असतं.

आपली कितीतरी मराठी नाटकं व्हीसीडीवर आली, त्यामुळे खोक्यावर व्हीसीडीचा उल्लेख हवाच. डीव्हीडी कुठल्या भागात चालेल हे तिच्या रीजन क्रमांकावर ठरतं: भारताचा रीजन 5, अमेरिकेचा 1. नातेवाइकांनी तिकडून आणलेल्या डिस्क लावायच्या असतील तर सर्व रीजन चालणारा प्लेअर शोधा.

आणि दुकानात जाताना घरातली सर्वांत ओरखडे पडलेली डिस्क सोबत न्या, तिथेच लावून बघा.