चालत्या होडीमागची गरी

माझे आईबाबा बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी आधी चार दिवस मामाकडे मालवणला गेलो आणि मग घरी आलो. सोसायटीतल्या मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले, "मी समुद्रात ट्रोलिंग करून आलो." एकाने विचारले, "कोणाला ट्रोल केलंस?" दुसरा म्हणाला, "ते मोठं जाळं ओढतात तेच ना? त्याने समुद्राची वाट लागते." दोघेही चुकले होते, पण त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. चार दिवसांपूर्वी मलाही हा फरक ठाऊक नव्हता.

ट्रॉलर नावाची बोट समुद्राच्या तळावरून पिशवीसारखे जाळे ओढत नेते. त्यात हवे-नको ते सगळे येते, पिल्लेसुद्धा. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे दोरी सोडून आमिष लावलेली गरी ओढणे. एका गरीला एका वेळी एकच मासा लागतो. कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात, तेव्हा हे चालता चालता गरवणे झाले. इंटरनेटवरचा शब्दही बहुधा यावरूनच आला असावा, कारण तिथेही आमिष टाकून कोण चावतो ते पाहतात.

पण गरी ओढायची कशाला? एका जागी बसून का गरवू नये? खडकाजवळ किंवा खाडीत मासा कुठे दबा धरून बसेल याचा अंदाज करता येतो. उघड्या, खोल पाण्यात आडोसा नसतो. तिथे शिकारी मासा तारली-बांगड्याच्या थव्यामागे फिरतो. आज इथे, तर उद्या दोन मैलांवर. तो आपल्याकडे येण्याची वाट पाहण्यापेक्षा गरीच जास्तीत जास्त पाण्यातून फिरवायची. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत मस्की नावाचा लांबोडका, दातेरी मासा असतो. तो इतका क्वचित लागतो की त्याला दहा हजार वेळा गळ फेकल्यावर मिळणारा मासा म्हणतात. तोसुद्धा खोल, स्वच्छ तळ्यात काठ सोडून लहान माशांच्या थव्यांमागे जातो, आणि तिथले लोकही त्याला असेच शोधतात. आपल्याकडे ही जागा सुरमईची. मालवणीत तिला इसवण म्हणतात आणि आमच्या बेंगळुरूच्या दुकानात ती 'अंजल' नावाने मिळते. दोघांचेही दात इतके धारदार की नायलॉनची तंगूस कापली जाते. म्हणून गरीच्या आधी वीतभर तरी पोलादी तार लावावी लागते.

होडीवर मामाने मला तीन प्रश्न पाठ करायला लावले: किती खोल, किती वेगाने, किती मागे?

खोली: नकली माशाच्या तोंडाखाली प्लास्टिकची पट्टी असते. पाण्याचा दाब तिच्यावर पडला की तो खाली जातो. पट्टी लांब असेल तर जास्त खोल. दोरी जाड असेल तर पाणी तिला जास्त अडवते आणि मासा वरच राहतो. शिकारी मासा बहुधा खालून वर झडप घालतो. म्हणून गरी त्याच्या थोडी वरून गेलेली चालते, खालून गेली तर फुकट.

वेग: आम्ही साधारण ५ नॉटने जात होतो, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर. पाणी गढूळ असेल तर माशाला आमिष सापडायला वेळ लागतो, म्हणून हळू जायचे. पाणी स्वच्छ असेल तर उलट. हळू गेलो तर त्याला नीट निरखून पाहायला वेळ मिळतो आणि सोंग उघडे पडते.

अंतर: ५ नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटरपेक्षा थोडे जास्त. दोरी ५० मीटर मागे असेल तर इंजिनाचा आवाज पुढे गेल्यावर साधारण २० सेकंदांनी गरी त्याच जागी येते. ८० मीटर असेल तर ३० सेकंदांनी. स्वच्छ पाण्यात होडीची सावलीही दूरवर दिसते, म्हणून बिथरलेला मासा शांत होईपर्यंतचा वेळ त्याला द्यावा लागतो. रंगाचेही तसेच. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी गिळते आणि निळा सर्वांत खोल जातो. वर लालभडक दिसणारे आमिष खाली काळपट होते, म्हणून मामाच्या पेटीत चंदेरी आणि निळी आमिषेच जास्त होती.

मला सर्वांत आवडली ती वळणाची युक्ती. होडी डावीकडे वळली की डावीकडची गरी मंदावते आणि उजवीकडची वेग घेते. वळणावर मासा कोणत्या बाजूला लागला ते लक्षात ठेवले, तर त्याला कोणता वेग हवा हे कळते. म्हणजे होडी सरळ रेषेत न नेता नागमोडी न्यायची.

मग जायचे कुठे? पाखरे जिथे पाण्यावर सूर मारतात तिथे, आणि जिथे उथळ पाणी एकदम खोल होते त्या कडेला. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर आहे आणि पाणी अतिशय स्वच्छ. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. इतक्या दूर लहान होडीने जाता येत नाही, पण कडेला मासा जमतो हा नियम किनाऱ्याजवळच्या खडकांनाही लागू पडतो.

आता आकाशातूनही मदत मिळते. ओशनसॅट उपग्रह समुद्राच्या पाण्याचा रंग मोजतात. रंगावरून सूक्ष्म वनस्पती कुठे वाढल्या ते कळते. त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहानांमागे मोठे. या मोजणीवरून आणि पाण्याच्या तापमानावरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना मराठीतही कळवते. हे उपग्रह इस्रोच्या बेंगळुरूमधल्या केंद्रात तयार होतात. ज्या शहरात मला "कोणाला ट्रोल केलंस?" असे विचारले गेले, तिथूनच मामाला वाट दाखवली जाते!

एवढे सगळे करूनही त्या दिवशी चार तास काहीच लागले नाही. मामा सारखा डिझेलच्या टाकीकडे बघत होता. मग उजवीकडच्या वळणावर दोरी ताणली गेली. मी धावत जाऊन ओढली. सुरमई होती, पण जेमतेम ४० सेंटिमीटर. सुरमई अंडी घालण्याजोगी होते ती साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास. मामा म्हणाला, "बारको आसा, सोड त्येका." मी म्हटले, "पण आपल्याकडे दुसरं काहीच नाही!" तो काही बोलला नाही. गरी ओठातच अडकली होती. त्याने मासा पाण्याबाहेर न काढता पकडीने ती सोडवली. कल्ल्यात रुतली असती तर सोडूनही मासा जगला नसता.

नंतर त्याने मला वेग, खोली आणि दोरीची लांबी वहीत लिहायला सांगितले आणि अगदी तसेच वळण पुन्हा घेतले. तिसऱ्या फेरीला मोठी सुरमई लागली. ती दोरीवर आणायला दोघांचे हात लागले.

संध्याकाळी हिशेब झाला. डिझेलचे पैसे सुटले, मजुरी सुटली नाही. मी विचारले, "मामा, तो लहान मासा ठेवला असता तर?" तो म्हणाला, "तर मजुरी तरीय सुटली नसती, आणि फुडल्या वर्साक तोय गावलो नसतो."