भूल आणि श्वास

घरच्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे पशुवैद्य त्यास प्रथम भूल देतात. प्राणी निश्चल झाला व त्याची वेदना गेली, एवढेंच आपणांस दिसतें. त्या वेळीं त्याच्या फुप्फुसांत काय घडतें, हें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

मेंदूच्या बुडाशीं श्वासाचें नियमन करणारें केंद्र असतें. रक्तांत कार्बन डायॉक्साइड वायु वाढूं लागला कीं तें श्वास जलद व खोल करवितें. भुलेच्या औषधानें हें केंद्र मंदावतें. श्वास उथळ होतो आणि तो वायु रक्तांत सांचतो. शिवाय छाती व पोट यांमधील पडदा शिथिल पडतो. कुत्रें उताणें निजविलें असल्यास पोटांतील अवयवांचा भार त्या पडद्यावर येतो. त्यामुळें फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा कमी होते, कांहीं वायुकोश मिटतात, व त्यांजवळून जाणाऱ्या रक्तास प्राणवायु मिळत नाहीं. औषधाची मात्रा फार झाली तर श्वास अजिबात थांबतो.

हें ज्ञान सहज मिळालेलें नाहीं. गेल्या शतकाच्याही पूर्वीं, आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत असतां, क्लोरोफॉर्मनें कांहीं रोगी दगावत. आधीं हृदय थांबतें कीं श्वास, असा वैद्यांत वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचें मत 'श्वास' असें होतें. त्यांच्या पुढाकारानें १८८८ सालीं तेथें कुत्र्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें ते मान्य केले नाहींत. तेव्हां निजाम सरकारनें १००० पौंड देऊन त्या पत्राचाच तज्ज्ञ बोलाविला. १८८९ सालीं डॉ. लॉडर ब्रंटन आले. त्यांचें मत प्रथम निराळें होतें. परंतु शेंकडों प्राण्यांवरील प्रयोगांनंतर तेही लॉरींच्या पक्षास मिळाले. नाडीवर विसंबूं नका, श्वासाकडे पाहा, हा त्यांचा निष्कर्ष होता.

तरी सत्य तेवढ्यावर संपलें नाहीं. १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतांही हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. म्हणजे दोन्ही पक्षांत सत्याचा अंश होता, आणि 'आमचेंच खरें' हा हट्ट मात्र दोघांसही नडला.

आतां क्लोरोफॉर्म मागें पडलें आहे. सुसज्ज दवाखान्यांत पशुवैद्य कुत्र्याच्या श्वासनलिकेंत नळी घालून प्राणवायु देतात, आणि श्वास व नाडी या दोहोंवरही लक्ष ठेवितात. पालकांनीं आपल्या कुत्र्यास खोकला किंवा धाप असल्यास तें आधीं सांगावें, व उपाशी ठेवण्याविषयींची वैद्यांची सूचना तंतोतंत पाळावी. कारण भुलेंत उलटी झाल्यास ती फुप्फुसांत जाण्याची भीति असते. पग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांस श्वासाचा धोका अधिक असतो.

हैदराबादच्या त्या कुत्र्यांपैकीं कित्येकांनीं प्राण दिले. कोणी त्यांस विचारलें नव्हतें. मुक्या प्राण्यांचें हें ऋण आपण ओळखावें, आणि दारांतील कुत्र्यावर धोंडा उचलण्यापूर्वीं तें एकदां आठवावें, एवढीच आमची विद्यार्थ्यांस विनंति आहे.